शुभवर्तमान आणि खुनाच्या गोष्टी

यंदा कोणत्या विषयावर बोलणार, असे व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विचारले, तेव्हा मी कंत्राटी कामगार, किमान वेतन किंवा निवृत्तिवेतन यांपैकी काहीतरी सांगेन अशी त्यांची समजूत होती. कामगार संघटनेत तीस वर्षे घालवलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा करणार तरी कोण? मी विषय सांगितला तेव्हा चिटणीस थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ख्रिस्ती वाङ्मय आणि डिटेक्टिव्ह कथा? अहो, हे दोन विषय झाले." मी म्हटले, "विषय दोन असतील, पण कपाट एकच आहे."

त्या कपाटाची हकीकत आधी सांगतो. १९९१ साली मी एकवीस वर्षांचा होतो, शाळा नववीत सुटलेली होती, आणि पिंपरीच्या बाजूला एका कारखान्यात लेथवर काम करीत होतो. राहायला पुणे कॅम्पात एका निवृत्त परिचारिकेच्या घरामागची खोली भाड्याने घेतली होती. सगळी गल्ली त्यांना 'सिस्टर' म्हणे, मीही तेच म्हणू लागलो. सिस्टर मराठी ख्रिस्ती, प्रॉटेस्टंट पंथाच्या. मूळ घर नगर जिल्ह्यातले. त्यांच्या पुढल्या खोलीत एक सागवानी कपाट होते. वरच्या दोन फळ्यांवर मराठी बायबल, एक जुने इंग्रजी बायबल, उपासनेची गीते, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', जॉन बनियनची 'पिलग्रिम्स प्रोग्रेस', टॉमस अ केंपिसचे 'ख्रिस्तानुकरण' असे ग्रंथ. खालच्या तीन फळ्यांवर खून. हिरव्या पाठीची पेंग्विनची पुस्तके, अगाथा ख्रिस्ती, डोरोथी सेयर्स, चेस्टरटन. बहुतेक सगळी रद्दीवाल्याकडून घेतलेली, कुणाच्या तरी जहाजातून किंवा बराकीतून फिरत आलेली. काहींवर परक्या माणसांची नावे आणि १९४३, १९४४ अशी सालेही होती.

मला इंग्रजी शिकायचे होते, कारण मालकाचा वकील इंग्रजीत बोलला की आमचा सगळा मोर्चा मुका होई. सिस्टरांनी दोन पुस्तके पुढे ठेवली, मार्ककृत शुभवर्तमान आणि फादर ब्राऊनच्या गोष्टी. मार्क का, तर वाक्ये लहान आहेत म्हणून. आणि फादर ब्राऊन का, तर शेवट कळल्याशिवाय तू पुस्तक खाली ठेवणार नाहीस म्हणून. दोन्ही अंदाज बरोबर निघाले. एकदा मी विचारले, "सिस्टर, वर देव आणि खाली खुनी, हे तुम्हाला बरे वाटते का?" त्या म्हणाल्या, "अरे, बायबल नीट वाचलेस तर चौथ्याच अध्यायात खून आहे."

आणि खरेच आहे. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात काइन आपल्या भावाला मारतो, आणि देव त्याला प्रश्न विचारतो की तुझा भाऊ कोठे आहे. ज्या कथांविषयी मी आज बोलणार आहे त्या सगळ्या या एका प्रश्नावर उभ्या आहेत, असे माझे मत आहे. मी साहित्याचा अधिकारी माणूस नव्हे, पण ते मत मी पुढे कारणांनी मांडतो.

प्रथम या कथांचा प्रकार समजून घेऊ. आपल्याकडे रहस्यकथा म्हटली की बाबूराव अर्नाळकर आठवतात, झुंजार आठवतो, पिस्तूल, भुयार आणि मध्यरात्रीची मोटार आठवते. सिस्टरांच्या कपाटातल्या कथा त्या जातीच्या नव्हत. इंग्रजीत हल्ली या प्रकाराला 'कोझी' म्हणतात. चहाची किटली गार होऊ नये म्हणून तिच्यावर जे कापडी टोपडे घालतात त्यालाही तोच शब्द आहे, आणि शब्द अगदी चपखल आहे. एक लहानसे गाव. त्यात चर्च, धर्मगुरूचे घर, डॉक्टर, निवृत्त कर्नल, पोस्ट, दोनतीन प्रौढ कुमारिका. खून होतो, पण रक्त फारसे दिसत नाही. संशयित मोजके आणि एकमेकांच्या ओळखीचे. शोध लावणारा बहुधा पोलिसांतला नसतो, आणि त्याला जे दिसते ते वाचकालाही दाखवलेच पाहिजे असा दंडक. पहिल्या महायुद्धानंतरच्या वीस वर्षांत इंग्लंडमध्ये हा प्रकार भरास आला. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल १९२७ मध्ये एका लघुकथेत प्रथम आली आणि १९३० साली 'द मर्डर ॲट द व्हिकारेज' या कादंबरीत. त्या कादंबरीत खून कोठे होतो? धर्मगुरूच्या अभ्यासिकेत. गोष्ट सांगतो कोण? स्वतः धर्मगुरू. मेलेला माणूस चर्चचा विश्वस्त आणि गावचा मॅजिस्ट्रेट, आणि गावातल्या बहुतेकांना तो मेलेला चालणार होता.

धर्मगुरूचेच घर का, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये प्रत्येक गावाचे चर्च म्हणजे जन्म, लग्न आणि मरण यांची वही. आपल्याकडे कुळकर्ण्याच्या दप्तराला जे महत्त्व होते, तेच तेथे चर्चच्या वहीला. शिवाय श्रीमंत, गरीब, भांडलेले आणि भांडणार असलेले असे सगळे ज्या एका दारातून आत जातात ते दार तेवढेच. मिस मार्पल विणकाम करीत बसते आणि प्रत्येक नव्या माणसाला गावातल्या कुठल्यातरी जुन्या माणसाशी ताडून पाहते. खाटकाचा मुलगा असाच खोटे बोलला होता, मोलकरणीने असेच चमचे लपवले होते. मोठी पापे लहान पापांसारखीच असतात, एवढेच तिचे शास्त्र.

आता हे लिहिणारे कोण होते ते पाहा. गिल्बर्ट चेस्टरटन, १८७४ ते १९३६. 'ऑर्थोडॉक्सी' हा ख्रिस्ती श्रद्धेचे समर्थन करणारा ग्रंथ त्याने १९०८ साली लिहिला आणि फादर ब्राऊनच्या कथांचे पहिले पुस्तक १९११ साली काढले. पुढे १९२२ मध्ये तो कॅथलिक झाला. (त्याचे नाव आपल्याला अगदीच परके नाही. हिंदी राष्ट्रवाद्यांच्या मागण्या पुरेशा हिंदी नाहीत अशी तक्रार त्याने १९०९ साली एका लंडनच्या साप्ताहिकात केली, ती गांधीजींनी तेथेच वाचली आणि 'इंडियन ओपिनियन'मध्ये आपल्या वाचकांपुढे ठेवली.) दुसरा रोनाल्ड नॉक्स, मँचेस्टरच्या अँग्लिकन बिशपचा मुलगा, स्वतः कॅथलिक धर्मगुरू. ऑक्सफर्डमध्ये विद्यार्थ्यांचा धर्मगुरू असताना तो खर्चाला जोड म्हणून डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लिही, आणि याच माणसाने पुढे सबंध बायबलाचे एकट्याने इंग्रजी भाषांतर केले. त्यातला नवा करार १९४५ साली प्रसिद्ध झाला. तिसरी डोरोथी सेयर्स, धर्मगुरूची मुलगी, तिच्याविषयी पुढे बोलू. आणि अगाथा ख्रिस्ती. ती धर्मावर व्याख्याने देणारी बाई नव्हती, पण आपल्या गावाजवळच्या चर्चला रंगीत काचेची खिडकी बसवता यावी म्हणून तिने पॉयरोची एक कथा लिहिली. वेस्टमिन्स्टर ॲबेच्या दुरुस्तीनिधीसाठी तिने दिलेल्या १९५४ च्या 'सँक्चुअरी' या कथेत चर्चमध्ये फुले ठेवायला गेलेल्या धर्मगुरूच्या बायकोला वेदीजवळच्या पायऱ्यांवर मरणोन्मुख माणूस सापडतो.

तेव्हा सिस्टरांच्या कपाटात वरच्या आणि खालच्या फळीत जी शेजारवस्ती होती ती त्यांची लहर नव्हती. लेखकच दोन्ही फळ्यांवर राहत होते.

मग हे धार्मिक लोक आपल्या कथांतून चमत्कार करून गुन्हे उघडकीस आणीत होते काय? उलट. १९३० साली या लेखकांनी 'डिटेक्शन क्लब' काढला. पहिला अध्यक्ष चेस्टरटन, पुढे सेयर्स आणि ख्रिस्तीही अध्यक्ष झाल्या. नव्या सभासदाला कवटीवर हात ठेवून शपथ घ्यावी लागे, अर्थात थट्टेनेच. त्या शपथेत आपला डिटेक्टिव्ह दैवी साक्षात्कार, अंतःस्फूर्ती, मंत्रतंत्र किंवा योगायोग यांवर विसंबणार नाही असे वचन होते. देव मानणारी माणसे गुन्ह्याचा तपास करताना देवाला मदतीला बोलावणार नाहीत असा नियम करतात, हे मला फार आवडले. फादर ब्राऊनच्या पहिल्याच गोष्टीत, 'द ब्ल्यू क्रॉस'मध्ये, फ्लांबो नावाचा महाचोर धर्मगुरूचा वेष घेऊन त्याच्याबरोबर फिरतो. हा खोटा धर्मगुरू आहे हे ब्राऊन कसे ओळखतो? हा माणूस गप्पांत बुद्धीची निंदा करतो आणि विश्वातल्या गूढापुढे तर्काचे काय चालणार असे म्हणतो. बुद्धीला नावे ठेवणे हे वाईट धर्मशास्त्र आहे, असे ब्राऊन त्याला सांगतो. आपल्याकडे कपाळी गंध लावून बुद्धीची निंदा करणारे पुष्कळ भेटतात, त्यांच्यापैकी चोर किती हे मी मोजलेले नाही.

या कथांचे मूळ तर शास्त्रातच आहे. दानीएलच्या पुस्तकाला कॅथलिक बायबलात दोन जोड कथा आहेत. प्रॉटेस्टंट बायबलात त्या नसतात. सिस्टरांना त्या सापडल्या नॉक्सच्या भाषांतरात, आणि ते भाषांतर त्यांनी रद्दीवाल्याकडून घेतले होते ते हा तर आपला डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांवाला म्हणून. पहिली कथा सुसान्नेची. दोन वृद्ध न्यायाधीश एका सतीला छळू पाहतात, ती दाद देत नाही, तेव्हा तिला एका तरुणाबरोबर बागेत पाहिले अशी खोटी साक्ष देतात. जमाव तिला मारायला निघतो. तरुण दानीएल म्हणतो, या दोघांना वेगवेगळे उभे करा. मग एकेकाला तो एकच प्रश्न विचारतो की कोणत्या झाडाखाली पाहिलेत. एक एका झाडाचे नाव घेतो, दुसरा दुसऱ्याच. दुसरी कथा बेल देवाच्या मूर्तीची. मूर्ती रोज रात्री नैवेद्य खाते असे पुजारी सांगत. दानीएल जमिनीवर राख पसरतो आणि दार मोहोरबंद करवतो, सकाळी राखेत पुजारी, त्यांच्या बायका आणि मुले यांची पावले उमटलेली दिसतात. सेयर्सने १९२८ मध्ये डिटेक्टिव्ह कथांचा जो मोठा संग्रह केला त्यात या दोन कथा घातल्या आहेत.

खातेनिहाय चौकशीत कामगाराच्या बाजूने उभा राहताना मी दानीएलचा हा झाडाचा प्रश्न किती वेळा वापरला याची गणती नाही. दोन सुपरवायझर एकाच साच्यातली जबानी देतात, "सदर इसमाने अर्वाच्य शब्द वापरले." मी चौकशी अधिकाऱ्याला विनंती करतो की दुसऱ्या साक्षीदाराला बाहेर बसवावे. मग पहिल्याला विचारतो, "तेव्हा मशीन चालू होते की बंद?" एवढेच. मशीन चालू असेल तर वीस फुटांवरून शब्द ऐकू येत नाही, बंद असेल तर बंद का होते हा पुढचा प्रश्न. वकिलीची सनद नसलेल्या माणसाला हे पुरेसे आहे.

परंतु ज्या गोष्टीमुळे हा विषय मी येथे आणला ती गोष्ट वेगळी आहे. तिचे नाव 'द इन्व्हिजिबल मॅन', अदृश्य माणूस. फादर ब्राऊनच्या पहिल्या पुस्तकातच ती आहे. स्माइथ नावाचा एक ठेंगू, हुशार माणूस घरकाम करणारी यंत्रे काढून श्रीमंत झाला आहे. त्याच्या घरी गडीमाणूस नाही, सगळी कामे किल्लीवर चालणारे पुतळे करतात. त्याला खुनाच्या धमक्या येतात. म्हणून इमारतीच्या दाराशी चार माणसे पहाऱ्याला ठेवली जातात: द्वारपाल, पोलीस, एक मजूर आणि चेस्टनट विकणारा. चौघेही शपथेवर सांगतात की कोणी आत गेले नाही. परंतु जिन्यापर्यंत बर्फात पावले उमटली आहेत, आणि स्माइथचा मुडदा घराबाहेर पडला आहे. ब्राऊन सांगतो की एक माणूस आत गेला आणि मुडदा पाठीवर घेऊन बाहेर आला. तो पोस्टमन होता. चौघेही खोटे बोलत नव्हते. त्यांना 'कोणी' म्हणून जे विचारले त्यात पोस्टमन बसतच नव्हता. एखाद्या बाईला घरी आणखी कोण आहे असे विचारले तर ती कोणी नाही म्हणते, आणि मोलकरीण शेजारीच उभी असते, हे ब्राऊनचेच उदाहरण आहे.

१९९८ सालची गोष्ट. मी तेव्हा पूर्णवेळ संघटनेचे काम करू लागलो होतो. एका कारखान्यात दुसऱ्या पाळीचा एक कामगार रात्री पॉवर प्रेसमध्ये सापडून मेला. घरी बायको आणि दोन मुली. दुसरी पाळी अकराला सुटते. त्याचे कार्ड अकरा वाजून चार मिनिटांनी पंच झाले होते, आणि तो मेला साडेअकराच्या सुमारास. मालकाचे म्हणणे असे की पाळी संपली होती, हा माणूस स्वतःच्या खाजगी कारणाने परत आत गेला, तेव्हा हा कामावरचा अपघात नव्हे. आता मृत्यूच्या बाबतीत कामगाराचा निष्काळजीपणा दाखवून भरपाई बुडवता येत नाही, हे तेव्हाच्या १९२३ च्या कायद्यातच होते. पण अपघात कामातून आणि काम चालू असताना झाला हे तर दाखवावेच लागते. त्याला कोणीतरी परत बोलावले होते याविषयी मला शंका नव्हती. सुपरवायझर म्हणत होता की मी पावणेअकरालाच कार्यालयात गेलो. मी गेटवरचा पहारेकरी, कँटीनवाला, दोन फिटर, तिसऱ्या पाळीचे चार कामगार, सगळ्यांना विचारले. सगळे म्हणाले, प्रेसच्या खात्यात त्या वेळी कोणी नव्हते. ती सगळी आमची सभासद माणसे होती, आणि मला ठाऊक होते की ती खोटे बोलत नाहीत.

आठ दिवस गेले. एका रात्री जिना उतरताना मला एकदम तो पोस्टमन आठवला, आणि मी जिन्यावरच बसलो. पाळीच्या सांध्याला प्रेसखालचा लोखंडाचा चुरा गोळा करायला बाया येतात. कंत्राटदाराच्या बाया. गेटच्या वहीत त्यांची नावे नसत, "झाडू – ७" एवढेच लिहिलेले असे. आमच्या संघटनेच्या सभासदवहीतही नसत. मी स्वतः त्या खात्यात रोज उभा राहत होतो, टोपली डोक्यावर घेतलेली बाई माझ्या अंगावरून जात होती, आणि त्या आठ दिवसांत मी तिला विचारले नव्हते. मालकाच्या पहारेकऱ्याला ती दिसली नाही हे मी समजू शकतो. मी तर दुनियेतल्या कामगारांनी एक व्हावे म्हणून पगार घेत होतो.

त्या सातांपैकी एकीने सगळे पाहिले होते. प्रेसमध्ये माल अडकला होता. तिसऱ्या पाळीला मशीन मोकळे द्यायचे म्हणून सुपरवायझरने कामगाराला गेटजवळून परत बोलावले. ती म्हणाली, "दादा, मला कुणी इचारलंच न्हाई." मग तिने मला विचारले, "मी सांगितलं तर माझं काम राहील का?" मी खरे ते सांगितले, राहील असे वचन मी देऊ शकत नाही. ती दोन दिवसांनी आली आणि म्हणाली, सांगते.

भरपाई मिळाली. तीन महिन्यांनी कंत्राटदाराने तिला बंद केले, आणि तिला दुसरीकडे लावून द्यायला मला दीड वर्ष लागले. तेवढ्या काळात तिच्या मुलाची शाळा सुटली. हे मी गाळले तर गोष्ट कोझी होईल.

सुपरवायझरविषयीही सांगितले पाहिजे. माझ्या मनात त्याला पुरता उघडा पाडायचे होते. मी सिस्टरांकडे जाऊन तावातावाने बोललो. त्यांनी १९२७ सालचे 'द सीक्रेट ऑफ फादर ब्राऊन' काढून दिले. त्यात ब्राऊनला कोणी विचारतो की तुम्ही खुनी कसे ओळखता. तो सांगतो की ते सगळे खून मीच केले. म्हणजे, ज्या माणसाने खून केला त्याच्या मनात शिरून, मी स्वतः हे करू शकेन असे वाटेपर्यंत मी थांबत नाही. इतर डिटेक्टिव्ह गुन्हेगाराला बाहेरून पाहतात, किड्यासारखा. ब्राऊनची रीत म्हणजे खरे तर कबुलीजबाबाला बसण्यापूर्वीचे आत्मपरीक्षण आहे. मी परत गेलो आणि सुपरवायझरच्या जागी स्वतःला उभे करून पाहिले. वरून उत्पादनाचा आकडा, खाली अडकलेले मशीन, घरी बहिणीचे लग्न. मी त्याला एकटा भेटलो, साक्षीदार न घेता. आयुक्तांपुढे त्याने शेवटी स्वतःच सांगितले की मी बोलावले. 'अदृश्य माणूस' या गोष्टीच्या शेवटी ब्राऊन त्या पोस्टमनबरोबर ताऱ्यांखाली बर्फातून तासन्‌तास चालत राहतो, आणि ते दोघे काय बोलले हे चेस्टरटन सांगत नाही. त्या सुपरवायझरशी मी काय बोललो हे मीही सांगणार नाही.

आता या पुस्तकांचे दोष. ते आहेत, आणि ठळक आहेत. कोझी कथांत नोकरमाणूस बहुधा ट्रे घेऊन येण्यापुरता असतो. एका अमेरिकन लेखकाने, व्हॅन डाइनने, १९२८ मध्ये या कथांचे नियम केले. त्यांत नोकराला खुनी करू नये असाही एक नियम आहे. कारण काय, तर ते फार सोपे होईल आणि खुनी कसा वजनदार माणूस पाहिजे! म्हणजे नोकराला खून करण्याचीही प्रतिष्ठा नाही. चेस्टरटनने ज्यूंविषयी जे लिहिले त्याचे समर्थन मी करणार नाही. आणि हा सगळा उबदार खेळ ज्या शेवटावर येई तो शेवट पडद्याआड असे. खुनी सापडला की पुस्तक मिटते, आणि मिटल्यावर कोठेतरी फास असतो. ब्रिटनमध्ये खुनासाठी फाशी थांबली ती १९६५ साली. सेयर्सला हे टोचले असले पाहिजे. तिच्या १९३७ च्या 'बसमन्स हनीमून'मध्ये खुनी सापडतो तेथे गोष्ट संपत नाही. तिचा उमराव डिटेक्टिव्ह, लॉर्ड पीटर विम्झी, फाशीच्या पहाटे बायकोजवळ बसून रडतो. फादर ब्राऊन तर शक्य तेथे चोराला सोडूनच देतो, मात्र आधी त्याच्याशी बोलून. फ्लांबो पुढे चोरी सोडतो आणि त्याचा मित्र होतो.

सेयर्सविषयी बोलेन म्हणालो होतो. १८९३ ते १९५७. पोटासाठी तिने नऊएक वर्षे जाहिरातीच्या कचेरीत मजकूर लिहिला, आणि १९३३ सालच्या 'मर्डर मस्ट ॲडव्हर्टाइझ'मध्ये त्याच धंद्याची साले सोलली. १९३४ च्या 'नाइन टेलर्स'मध्ये पाणथळ मुलखातले एक चर्च, त्याच्या प्रचंड घंटा आणि घंटा वाजवण्याचे गणित आहे. माझ्या मते या जातीतली ती सर्वांत मोठी कादंबरी. पुढे तिने खून लिहिणे सोडले. १९४१ ते ४२ मध्ये बीबीसीवरून येशूच्या चरित्रावर तिच्या नाटिका झाल्या. त्यांत शिष्य साध्या बोलीत बोलतात, मत्तय तर लंडनच्या गल्लीची भाषा बोलतो. नाटिका सुरू होण्यापूर्वीच त्यावर निषेध झाला. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणी घरगुती मराठीत लिहिल्या म्हणून तर त्या टिकल्या.

परंतु माझे सेयर्सशी खरे भांडण आहे ते तिच्या १९४२ च्या ईस्टबोर्न येथील व्याख्यानाबद्दल. विषय होता, काम कशासाठी. ती म्हणते, चर्च सुताराला दारू पिऊ नकोस आणि रविवारी ये एवढेच सांगते, पण त्याने टेबले चांगली करावीत ही त्याच्या धर्माची पहिली मागणी आहे हे सांगत नाही. पुढे ती म्हणते की दारूच्या कारखान्याच्या भागधारकांच्या सभेत नफ्याविषयी विचारतात, कामगारांच्या वेतनाविषयीही कोणी विचारील, पण बिअरमध्ये काय घालता असे कोणीच विचारीत नाही. हे प्रथम वाचले तेव्हा मला राग आला. पोट भरलेल्या माणसाने टेबलाच्या सौंदर्यावर प्रवचन द्यावे! मालक ही वाक्ये चौकटीत लावतील असे मी सिस्टरांना म्हणालो. त्या म्हणाल्या, "तू लेथवर होतास तेव्हा खराब माल पास करायला सांगितले तर तुला राग येत नव्हता का?" येत होता. ब्रेकचा भाग होता, मापात नव्हता, आणि वरून पास करायला सांगितले होते. मी केला. त्यावर आम्ही संप केला नाही, कारण तो मागणीपत्रकात बसत नव्हता. सेयर्सला माझे उत्तर अजून एवढेच आहे की टेबल चांगले करायचे तर सुताराला नाही म्हणण्याची सोय पाहिजे, आणि ती सोय संघटनेशिवाय होत नाही. पण तिचा प्रश्न मी टाळू शकलेलो नाही.

ज्यांना असे कपाट करायचे असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. पैसे फार लागत नाहीत. 'द इनोसन्स ऑफ फादर ब्राऊन' आधी घ्यावे, मग मिस मार्पलच्या लघुकथा. १९५० चे 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' जरूर घ्यावे. महायुद्धानंतर गावात नवी माणसे आली आहेत आणि शेजारी कोण हे रेशनकार्डावरूनच कळते, अशी ती कादंबरी आहे. स्थलांतरित वस्तीत राहणाऱ्याला ती लगेच समजेल. 'नाइन टेलर्स' तिसऱ्या वर्षी. वरच्या फळीवर काय ठेवावे हे ज्याचे त्याने पाहावे, पण दानीएलच्या जोड कथा असलेले बायबल मिळाले तर सोडू नये.

सिस्टर २०१२ साली वारल्या. भाचा परदेशी होता. त्याने फोनवर विचारले, पुस्तकांचे काय करू, आणि मी टेम्पो घेऊन गेलो. कपाट आता आमच्या संघटनेच्या कचेरीत, मागणीपत्रकांच्या फायलींशेजारी आहे. फळ्या पूर्वीच्याच क्रमाने लावल्या आहेत, वर शुभवर्तमान, खाली खून. पुस्तके नेण्याची एक वही आहे, तिच्यात प्रत्येकाचे पूर्ण नाव लिहितो, कंत्राटी असो वा कायम. फादर ब्राऊनची पाठ दोनदा निघाली आणि दोनदा बांधून घेतली. 'नाइन टेलर्स' मात्र गेली दोन वर्षे जागेवर नाही, आणि वहीतही कुणाचे नाव नाही. येथे बसलेल्यांपैकी कुणाकडे असेल तर आणून द्यावे. दंड नाही.